मँगनीजची टिकली

५ सप्टेंबर, पोलोक्वाने
मकगोका विद्यार्थी होता तेव्हा आम्ही दोघं लॅबच्या पायरीवर बसून एकच गरम माग्विन्या, तळलेला पिठाचा गोळा, अर्धा अर्धा खायचो. हातांना मँगनीजची काळी पूड तशीच. आता तो विभागप्रमुख आहे आणि मी महिनाअखेर निवृत्त. "दमदार रिझल्ट द्या मा, दोन वर्षं वाढवून घेतो," म्हणाला. दिलाच म्हणून समज!

८ सप्टेंबर
बॅटरीच्या ऑक्साइडची टिकली दाबली, भाजली, दोन्ही तोंडांना चांदीचा लेप लावला. सढळ हाताने. कामात कंजुषी करू नये, असं शाळेतल्या नन्स सांगायच्या. चष्मा घातला नाही, तो वाचण्यापुरता.
वीज वाहिली. नेहमीच्या लाखपट!

९ सप्टेंबर
आमच्या लॅबमधला तरुण लेसिबा कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडतो. त्याच्या मते या ऑक्साइडात ते धावत नाहीत, एका मँगनीजवरून दुसऱ्यावर कष्टाने उड्या मारतात. आज तो थोरांपुढे बसायच्या आमच्या रीतीने गुडघ्यावर बसला, हलक्या टाळ्या वाजवल्या, मान खाली घालून म्हणाला, "मा, टिकलीची कड कशी आहे म्हणायची?" म्हटलं, "छान गुळगुळीत, बाळा." किती आदर! बहुतेक पटलं त्याला.

१४ सप्टेंबर, दुपारी
ऑक्साइड तापवलं की वीज वाढते. माझ्या टिकलीत किंचित घटली. म्हणजे धातूसारखी! नवा शोध.
लेसिबाच्या पुन्हा टाळ्या. "कड जराशी घासून बघू या का, मा? माझ्याच समाधानासाठी." म्हटलं, तुझं समाधान तुझ्या कॉम्प्युटरवर कर. बिचारा जेवला नाही. हेवा वाटत असेल.

१९ सप्टेंबर
रिपोर्ट मकगोकाला पाठवून तीन दिवस झाले. उत्तर नाही. त्याच्या दारावरून चारदा गेले. नक्कीच परदेशी कळवत असणार.

२३ सप्टेंबर
मकगोका आला. आधी दार लावलं, मग टिकली भिंगाखाली धरली. "मा, चांदी कडेवरून खालपर्यंत ओघळलीय. वीज ऑक्साइडात शिरलीच नाही. तुम्ही चांदी मोजलीत." कड घासली. आकडा नेहमीच्या जागी येऊन बसला.
लेसिबावर चिडले. सांगितलं का नाहीस?
"दोनदा सांगितलं, मा. आईला याहून मोठ्याने कसं सांगायचं?"
दोन वर्षांचा विषय मकगोकाने काढला नाही. मीही नाही.

३० सप्टेंबर
भट्टीची किल्ली मकगोकाला. खल नव्या मुलींना. वापरून झाला की लगेच धुवा. दाबयंत्र लेसिबाला, आणि सोबत माझी कायमची परवानगी: माझ्या जागी जी येईल तिच्यावर ओरडायची.