आइशनराउट घराण्यातली मोठी माणसं

प्रिय फोल्कमारदादा,

बाबा बरे आहेत. बटाट्याच्या सॅलडमध्ये काकडी कमी पडली म्हणून सकाळी माझ्यावर डाफरले, म्हणजे बरेच म्हणायचे.

तू लग्नात बायकोचं आडनाव घेतलंस आणि आइशनराउट आडनावाच्यांचा मेळावा तुझ्यापुरता संपला. आमचा अजून दर मे महिन्यात भरतो, त्याच खानावळीच्या हॉलमध्ये. भिंतीवरच्या तसबिरींत तीच आपल्या आडनावाची मोठी माणसं: चर्चचे ऑर्गन बनवणारे, धूमकेतू शोधणाऱ्या बाई, पोहण्यातला विक्रमवीर आणि मधोमध आपले आजोबा, थोर न्यायाधीश. बाबा एकेक नाव वाचायचे, सगळे उभे राहून ग्लास उंचावायचे. आजोबांच्या नावाला तुझा ग्लास कधी उचलला गेला नाही, ते मी पाहिलं होतं.

गेल्या वर्षी काय झालं ते तुला कुणी कळवलं नसेल. आजोबांचं नाव वाचून बाबा थांबले आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, "यांनी युद्धात लीसबेट नावाच्या बेकरीतल्या पोरीला मरणाची शिक्षा दिली. तिने हिटलरवर विनोद केला होता." ग्लास हवेतच राहिले. ओटफ्रीडकाका कडाडले, "अरे, जेवायला जमलोय ना आपण? स्वतःच्या बापाची अब्रू काढतोस?" बाबा म्हणाले, "ती त्यांनीच काढली. मी फक्त वाचतोय." अर्धी माणसं खुर्च्या सरकवून निघून गेली. तेव्हापासून काकांनी बोलणं टाकलंय. बाबा दाखवत नाहीत, पण फोन वाजला की सगळ्यांच्या आधी उठतात. मला त्यांची दया येते आणि रागही येतो. इतकी वर्षं ते हे का नाही बोलले?

आता बाबांना मेळाव्याला यायलाच बंदी केलीय. येत्या रविवारी नावं मी वाचायची. काका घरी येऊन दारातूनच बजावून गेले, "पोरी, नाव तेवढं वाच. बापासारखा शहाणपणा नको." मी मान डोलावली. पण मी वाचणार आहे, लीसबेटसकट. सगळे उठून गेले तर रिकाम्या खुर्च्यांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. तू आता आमच्या आडनावाचा नाहीस, पण पाहुण्यांना अजून कुणी अडवत नाही. ये, पुढच्या खुर्चीवर बस, आणि कुणीही उठलं तरी तू उठू नकोस.

तुझीच, वाट पाहणारी,
गुड्रून