ड्रमवरचं नाव

३ मार्च, रवि.
मला पिशोरला देवऋषीकडं नेलं. गोळ्यांनी चार महिने फिट नव्हती, परवा एक आली अन् सासूबाईंचं सुरू, "बाहेरचं हाय." बाहेरचं! मी घराबाहेर पडते कधी?
देवऋषी लिंबू फिरवत ओरडला, "नाव सांग! कोण हायेस?"
"वैशाली."
केस ओढले, पुन्हा तेच. "वैशालीच! कितीदा सांगू?"
तो सासूबाईंकडं वळला. "लई हट्टी हाय. तुमच्या सुनंचंच नाव घेऊन बसली. घरात ते नाव घेऊ नका. गोळ्या बंद."
घ्या आता!

६ मार्च, बुध.
तीन दिवस कुणी नावानं हाक मारली नाही. सासूबाई "ए" म्हणतात. हे वाळूजला निघताना शिफ्टची वेळ भिंतीला सांगून गेले. चिमीला दम दिलाय, "तिला आई म्हणायचं नाय." सात वर्षांची लेक माझी, दारातून बघते नुसती. भुताचा पिक्चर असता तर मधेच उठून आले असते.
गोळ्या पिठाच्या डब्यात सापडल्या. घेतली. रोज घेणार.

११ मार्च, सोम.
खरं लिहिते. फिटमधली ती पाच मिनिटं मी नसते. मग कोण असतं? दुपारी आरशासमोर स्वतःचं नाव घेतलं तर परकं वाटलं. लई भ्याले. मग असा राग आला! मेल्या देवऋष्या, आजार माझ्या डोक्याला हाय, नावाला नाय.

१४ मार्च, गुरु.
हर्सूलचा तलाव आटला. गल्लीत बिल्डिंगा वाढल्या, टँकर मात्र आठवड्याला एकच. रांगेत ज्याचा त्याचा ड्रम, ज्याचं त्याचं नाव. आमच्यावर ह्यांचं होतं. गेटचा उरलेला ऑइलपेंट घेतला, ह्यांच्या नावावर हातभर अक्षरात लिहिलं, वैशाली.
"पूस ते!" सासूबाई ओरडल्या.
"तुम्हीच पुसा की, आत्या. लावा हात."
नाही लावला.

१५ मार्च, शुक्र.
टँकर आला. पाइपवाला ओरडला, "वैशाली कुणाची?" गल्ली गप. हे जिन्यात, मान खाली. मी मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, बघू तरी कोण तोंड उघडतं.
"अरे, वैशाली कुणाची? नाय तर चाललो पुढं!"
सासूबाईंच्या हातातून चिमीनं हात सोडवला. "माझी! माझी आई हाय ती!"
काठोकाठ भरला ड्रम. मी तिथंच रडले, सगळ्यांसमोर. रडले तर रडले.
सोमवारी डॉक्टरची तारीख. हे येतात का नाही, अजून बोलले नाहीत. चिमी येणार म्हणते.