नाकापेक्षा मणी जड

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? मागे फोनवर तू बोलत होतास की खोकत होतास ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, मी दोन्हीला "हो हो" म्हटलं. दुकान बरं चाललंय ना? लोकांना पाय आहेत तोवर चपलांच्या दुकानाला मरण नाही, असं आपले बाबा म्हणायचे (आणि स्वतः अनवाणी फिरायचे). भावजय बरी असेलच, तिला काय धाड भरलीय. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोन मोठ्या आवाजात लावून शेजारी कान देऊन बसल्याशिवाय हे मला बोलू देत नाहीत, आणि सांगायचंय ते सगळं यांच्याबद्दलच आहे. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला ठाऊक आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुझे तू लावून घे, उरले तर ठेवून घे.

तर तुझ्या भाऊजींचा गुडघा. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईने बजावलं की रोज चाला, नाहीतर गुडघा धरेल, आणि एकदा धरला की पुन्हा भूल देऊन मोडावा लागेल. (मोडावा म्हणजे वाकवावा. पण ती तोंडावर "मोडावा" म्हणाली आणि मला ती बाई तिथंच आवडली.) हे घरी आले आणि खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. जन्मभर शिलाई मशीनवर पाय हलवले, आता दुकान बंद झाल्यावर कोणासाठी हलवू, हा यांचा न्याय. दिवसभर रस्त्यावरच्या माणसांचे कपडे बघायचे. याची बाही लांब, त्याचा खांदा पडलाय, अमक्याची कॉलर कोणी शिवली, त्याचे हात धुऊन प्यायला हवेत. मी गोड बोलून पाहिलं (एकदा), मग नेहमीसारखं बोलले. काठी आणली, ती दाराआड उभी राहिली. ती तरी उभी राहिली! म्हटलं, "अहो, निदान कोपऱ्यापर्यंत जाऊन या." तर म्हणे, "कोपऱ्यावर माझं कोण आहे?" आता याला काय उत्तर द्यायचं? इथं घरात तरी कोण आहे, मीच ना.

अशात तुझं खोकं आलं. तुझ्या लेकाने हौसेने घेतलेलं आणि लग्नानंतर माळ्यावर टाकलेलं ते रिमोटचं विमान, आणि वर तुझी चिठ्ठी, की भाऊजींचा वेळ जाईल. मी कपाळाला हात लावला. वेळच घालवायचा होता तर खुर्ची काय वाईट होती? उघडून बघते तर थर्माकोलसारखं हलकं, पांढरंफटक, पंख मात्र माझ्या दोन्ही हातांच्या कवेएवढे. नाकावर चिमुकली मोटर आणि पंखा, पोटात बॅटरी. मोटर लावून वर चढवायचं, मग मोटर बंद करून घारीसारखं तरंगत खाली आणायचं. खोक्यावर "नवशिक्यांसाठी" असं लिहिलेलं. ते वाचून हे खुर्चीतून उठले. खरंच सांगते, ऑपरेशननंतर पहिल्यांदा कोणाचा हात न धरता उठले, रागाने. "नवशिका कोण? मी?"

आता तू त्यांना ओळखतोस. शिंप्याच्या हातात कुठलीही वस्तू द्या, तो ती आहे तशी वापरणार नाही, आधी ऑल्टर करणार. लग्नात आपल्या बाबांनी दिलेला कोट यांनी मांडवातच उसवला होता. विमान टेबलावर आडवं घालून गळ्यात टेप अडकवला, कानाला खडू लावला, आणि माप घेऊन सांगितलं, की कमरेत ढिलं आहे, खांदे उतरलेत, आणि शेपटीचा कट चुकलाय. विमान काय बोलणार, गिऱ्हाइकासारखं उताणं पडून राहिलं. मग दिसलं, की खोक्यात राहून एका पंखाला घडी पडलीय. घडी! यांच्या घरात घडी! मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, काय करताय?" पण तोवर यांनी इस्त्री फिरवली होती. (मंद होती म्हणतात. मंद कोण होतं ते मी बोलत नाही.) असा वास सुटला की शेजारीण गॅस बघायला धावली. पंख बिचारा आखडला, वर इस्त्रीच्या नाकाचा ठसा, जन्माचा. मग तो पंख आखूड झाला म्हणून दुसरा कापला. दुसरा जरा जास्त कापला गेला, म्हणून पहिला. पँटच्या दोन पायांचं होतं ना, एक पाय लहान म्हणून दुसरा, असं करता करता गिऱ्हाईक चड्डी घालून घरी जातं, तसं झालं. शेवटी विमान कमी आणि बदक जास्त दिसायला लागलं तेव्हा थांबले. मग खोक्यातलेच फोमचे तुकडे चिकटवून पंखांना जोड दिले, आणि जोड दिसू नयेत म्हणून दुकानातल्या उरल्यासुरल्या कोटाच्या अस्तराने सगळं मढवलं, शेपटीसकट. लालभडक. आतून कोट, बाहेरून विमान.

उडवायला आमच्या मागचं मोकळं मैदान, आणि जोडीला शेजारचे मीटरवाले. (जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचत फिरले, त्यामुळे त्यांना काहीही दिलं तरी ते वाचतात. विमानाचा कागद त्यांनीच वाचला.) हे मैदानाच्या कडेला, म्हणजे दारातून निघून खुर्चीत. मीटरवाले फेकणार, हे रिमोट हलवणार. पहिल्यांदा विमान मीटरवाल्यांच्या हातातून सुटलं, नाक आभाळात खुपसून क्षणभर विचारात पडलं आणि शेपटीवर बसलं. एके दिवशी रिमोट मीटरवाल्यांकडे दिला, तर विमान आपल्याकडे येताना डावं म्हणजे उजवं होतं यात ते गोंधळले, आणि बाभळीत घातलं. हे मात्र त्यात कधी चुकले नाहीत. म्हणतात, "गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा डावा हात माझ्या उजवीकडेच असतो, त्यात शिकायचं काय?" पण धाकट्या, खरी गंमत पुढंच. विमान पडलं की मीटरवाले धावायचे आणि हे खुर्चीतून ओरडायचे, "हात लावू नका! शिलाई उसवेल!" आणि स्वतः जायचे. काठी टेकत, त्याला शिव्या देत, मला देत, तुला तर फारच देत, पण जायचे. जाऊन यायचे. पुन्हा फेकायचं, पुन्हा पडायचं. व्यायामवाली बाई गुडघा वाकवून बघते तर वाकतोय. म्हणाली, "काय करता हो आजोबा?" हे म्हणाले, "ऑल्टर."

इथं गोष्ट संपली असती तर मी पत्र कशाला लिहिलं असतं. मीटरवाल्यांनी कागद पुन्हा वाचला आणि दुखणं सापडलं. अस्तरामुळे शेपटी जड झाली होती, म्हणून नाकात वजन हवं. यांनी बटणांच्या डब्यातून शिशाचा मणी काढला. पडद्याच्या दुमडीत घालतात ना, पडदा नीट पडावा म्हणून, तसला, दुकानातला उरलेला एकच. मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड व्हायचा हं. पण तो मणी नाकात बसला आणि विमान शहाणं झालं. वर जायचं, मोटर बंद, सुरेख गोल फिरायचं आणि यांच्या पायाशी येऊन टेकायचं. बसल्या जागी! गल्लीतली माणसं बघायला यायला लागली, हे राजासारखे खुर्चीत, हात वर करून टाळ्या थांबवताहेत. मी पण टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं, की आता उठायचं कारणच उरलं नाही. पुढच्या खेपेला बाईने गुडघा दाबला, हे कळवळले, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, धरायला लागलाय. असंच राहिलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल."

मग एके सकाळी विमानाला काय झालं देव जाणे. पुन्हा नाक वर, पुन्हा हेलकावे, आज इकडे, उद्या तिकडे. एकदा विटांच्या ढिगावर, एकदा शाळेच्या पत्र्यावर, एकदा एका बाईच्या वाळत घातलेल्या चादरीत. यांची पुन्हा पायपीट सुरू. आणि परवा तर कहर झाला. ऊन कडक होतं, मैदानावर घारी गोल फिरत होत्या. आमचं लाल ध्यान त्यांच्यात जाऊन मिसळलं आणि मोटर बंद असून वर वर जायला लागलं. हे रिमोटच्या दांड्या फिरवताहेत, ते ऐकेना. बोटाएवढं झालं, मग मुंगीएवढं, मग मैदानापलीकडे गेलं. आणि हे निघाले. मी हाका मारतेय, मीटरवाले हाका मारताहेत, मान वर करून चाललेले, कोणाचं ऐकायचं? थोड्या वेळाने बघते तर काठी खुर्चीला टेकलेली. काठी इथं आणि माणूस तिथं! मी काठी घेऊन मागे निघाले. दोन वस्त्या पार केल्या. भेटेल त्याला विचारायचं, लाल विमानामागे जाणारा म्हातारा पाहिला का? सगळ्यांनी पाहिला होता. शेवटी पाण्याच्या टाकीपाशी समोरून येताना दिसले. बगलेत विमान, एका हातात तुटलेली चप्पल, एक पाय अनवाणी, दुसरा ऐटीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "घारींच्या वर गेलं होतं, पाहिलंस?" मी म्हटलं, "गुडघा?" तर म्हणे, "कुठला गुडघा?" घरी येईपर्यंत काठी मीच टेकत आले.

तर असं आहे. बाई खूश आहे. टेबल टळलं. बाकी सर्व क्षेम.

तुझी,
ताई

ता. क. तुला सांगते, कोणाला बोलू नकोस. विमानाला काय झालं ते देव जाणतो, तसं मीही जाणते. नाकातला मणी मीच काढला. पहाटे, हे घोरत असताना. नाकावरची पट्टी होती तशी पुन्हा चिकटवली. लपवायला जागा सुचेना म्हणून बटणांच्या डब्यातच परत टाकला. चोरी केली आणि माल मालकाच्याच तिजोरीत ठेवला, इतकी मी हुशार. पण आता वाटतं, पुरे. गुडघा सुधारला, मणी गुपचूप परत बसवावा.

ता. क. दुसरा. डब्यात मणी नाही. सगळी बटणं ताटात ओतून पाहिली. तुझ्या शेजारच्या पडदेवाल्याकडून तसला एक आणून पाठव. माझ्या नावाने, आणि वर "औषध" असं लिही.

ता. क. तिसरा. पाठवू नकोस. मणी सापडला. यांचा परवाचा शर्ट धुवायला घेतला, त्याच्या खिशात, अस्तराच्या चिंधीत नीट गुंडाळून. म्हणजे घारींच्या दिवशी मणी खिशात होता, आणि हे बिनमण्याचं विमान उडवून मागे चालत गेले. लबाड म्हातारा! आता विचारायला जावं तर माझी चोरी उघडी पडते, म्हणून मी मणी होता तसा ठेवला आणि शर्ट न धुताच खुंटीला लावला. सकाळी तोच घालून निघाले, मला म्हणतात, "आज वारा बरा आहे, लांब जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे."

तेव्हा मणी राहू दे, चपला पाठव. मजबूत तळाच्या, यांच्या मापाच्या, नऊ नंबर. आणि एक जोड माझा, कारण काठी घेऊन मागे मलाच जावं लागतं. माझं माप विचारायला फोन करू नकोस, हे ऐकतील. लहानपणी माझी चप्पल इतक्या वेळा बसलीय की ते तुला पाठ असणार, आणि तुझ्या पाठीला तर नक्कीच.