तुमच्या मार्फत चाललेला संसार

प्रिय आई,

तुमच्या लेकाला सोडून मी माहेरी गेले होते. आपल्या बोनकोडे गावच्या बायका तुमच्या फोटोसमोर बसून काहीबाही बोलायच्या आधी मीच सांगून टाकते.

तुमचं दिवसकार्य उरकलं, मंडळी परत गेली आणि नेरूळच्या फ्लॅटात आम्ही दोघंच उरलो. जेवायला बसलो. नरेशनी आमटी घेतली, मी भात वाढला. ताटं उचलली तरी एक शब्द नाही! वाटलं, दुःख आहे, बोलतील हळूहळू. महिना गेला. महाप्याच्या कंपनीतून यायचे, टीव्ही लावायचे, बातम्या संपल्या की झोपायचे.

मग लक्षात आलं, आम्ही बोलत होतो तरी कधी? "आई, ह्यांना विचारा, रविवारी कुठे जायचंय का?" "आई, तिला सांग, उद्या डबा नको." तुम्ही वैतागायचात, "अगो बाय, त्यालाच इचार ना! मना कशाला मधी घालतेस?" आम्ही दोघं हसायचो. हसण्यासारखं काय होतं हो त्यात?

चौतिशी आली माझी. स्वतःचा फ्लॅट, नवऱ्याला बरी नोकरी. मूल नाही म्हणून तुम्ही कधी वाकडा शब्द काढला नाहीत. सोसायटीतल्या बायका मला नशीबवान म्हणायच्या. आणि मी ओट्यापाशी उभी राहून विचार करायचे, मी इथे का आहे? लाज वाटायची. सांगणार कुणाला? तुम्हीच नव्हतात.

एका सकाळी बॅग भरली.

"पनवेलला दादाकडे जाते."

"कधी येशील?"

"माहीत नाही."

"मी काय केलं?"

"काहीच नाही."

एका पायात मोजा, दुसरा हातात, तसेच उभे होते. भांडायलासुद्धा मी त्यांना काही दिलं नाही.

वहिनीने मला आत नेऊन हळूच विचारलं, "मारतात?" नाही. "पितात?" नाही. "बाहेर कुणी आहे?" नाही गं! "मग तुला झालंय काय?" दादा मान खाली घालून बाहेर निघून गेला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

रविवारी नरेश स्कूटरवर आले. गच्चीवर मी धीर करून बोलले, "अहो, मला तुम्ही हवे आहात की नाही, तेच कळत नाही."

त्यांनी हातातलं हेल्मेट कठड्यावर ठेवलं. मग म्हणाले, "मलापण कळत नाही, मंदा. कधीपासूनच."

आई, खरी लाज तेव्हा वाटली! घुसमट माझी एकटीची, त्यांचं आपलं सुखात चाललंय, असं मी धरूनच चालले होते. एकदाही विचारलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं का? मग एकदा तरी आम्हाला दोघांनाच घरात ठेवून तुम्ही शेजारी का नाही गेलात? चुकलं. आता तुम्हालाच बोल लावतेय.

मी परत आलेय. एकत्र राहायचं की वेगळं व्हायचं, ठरलेलं नाही. काल पहिल्यांदा कडाकडा भांडलो. समोरच्या काकू दार वाजवून गेल्या!

एक शब्द देते. मी जे ठरवीन ते नरेशना सगळ्यांआधी माझ्याच तोंडून कळेल. आणि वेगळे झालो, तर लोकांना कारण द्यायला म्हणून तुमच्या लेकाला मी वाईट ठरवणार नाही.

सून राहीन, न राहीन,
तुमचीच मंदा