यांच्या पायातला खिळा

तीर्थरूप आत्याबाई, मंजुश्रीचा पायावर माथा.

फोनवर रडू येतंय, म्हणून लिहायलेय. यांना आता आधीपेक्षा जरा बरं हाय. कोळारच्या कारखान्यात पायात खिळा घुसला, त्याचा धनुर्वात झाला. जरा आवाज झाला की अंग ताठ व्हायलंय, म्हणून दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवलंय.

डॉक्टरांनी इचारलं, "धनुर्वाताची सुई मागं कधी घेतली?"

मी म्हणलं, "शाळेत घेतली असंल."

"मोठेपणीबी दर दहा वर्षांनी घ्यावी लागती."

आपल्याला कुठं ठाव होतं?

मामंजींच्या हाताला ऊस तोडताना कोयता लागतोय. त्यांना अफजलपूरला नेऊन सुई द्या, तुम्हीबी घ्या.

तुम्ही जेवायलाव का? काल यांनी डोळ्यांनीच पाणी मागितलं. दातखीळ उघडंना. मी चमचा धरून नुसती बसले.

तुमची सून,
मंजुश्री