शीव आमच्या शेगडीवरून जाते

प्लम कॉटेज, वरचं स्नॉडिंग
(म्हणजे निदान पुढचं दार तरी. खुलासा खाली येतोच आहे.)

प्रिय डोरीनताई,

धाकट्या म्युरिएलचा नमस्कार. गुडघ्यांमुळे वाकणं बंद आहे, तेव्हा वाकले असं समजून घे. तुझी तब्येत कशी आहे? मनगट अजून दुखतंय ना? दुखत असणारच. तुमच्या खालच्या स्नॉडिंगची ती दमट हवा आणि ओढ्याची ओल, त्यात माणसाचं हाड धड राहील कसं? मी तर म्हणते, या उन्हाळ्यात जड पातेली ढवळायच्या भानगडीत पडूच नकोस. पोटतिडकीने सांगते आहे, दुसरं काही नाही. लायोनेल भाऊजी बरे आहेत ना? अजूनही कपात आधी दूध आणि मग चहा ओततात का? (ओतत असतील. तुमच्याकडे सगळेच ओततात. एका ओढ्याचं अंतर, पण माणसं कुठल्या कुठे जातात बघ.)

आता गावची खबर. तो क्रिस्पिन टॉलिडे आठवतो ना, लंडनहून निवृत्त होऊन आलेला? आल्या आल्या त्याने शोध लावला की आपल्या गावाला इतिहास आहे. आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, कधी त्याची अडचण झाली नव्हती. पण ह्या गृहस्थाने इतिहास मंडळ काढलं, स्वतःच अध्यक्ष झाला आणि गावपत्रिकेत दर महिन्याला ‘आपला वारसा’ लिहू लागला. मागच्या महिन्यात बदकांच्या तळ्यावर दोन पानं होती. त्यातलं बदकं आहेत एवढंच खरं. उरलेलं सगळं ‘असावं’, ‘नसेलच असं नाही’ आणि ‘जाणकार मानतात’. जाणकार म्हणजे तोच.

तर ह्या टॉलिडेच्या डोक्यात आलं की आपल्या लहानपणी बंद पडलेली शिवेची फेरी पुन्हा सुरू करावी. तुला आठवत असेल, मे महिन्यात सगळं गाव हद्दीवरून चालत जायचं, विलोच्या छड्यांनी हद्दीचा एकेक दगड बडवायचं, आणि एखाद्या पोराला उचलून दगडावर आपटायचं, म्हणजे जन्मभर त्याच्या लक्षात राहावं की शीव कुठे आहे. (आपल्या शाळेतल्या मॉडच्या भावाला असं आपटलं होतं. त्याला पुढे शिवेशिवाय काहीच लक्षात राहिलं नाही.) मी इतिहासाच्या नादी लागणारी बाई नव्हे, पण ओढ्याकाठच्या अक्रोडाखालचा तो बाक माझ्या डोळ्यांत खुपत होता. बाक आपला, अक्रोड आपला, आणि त्यावर पाय पसरून सँडविच खातात तुमचे लोक! म्हणून गावच्या हॉलमधल्या सभेत मी उठले आणि ठणकावून सांगितलं, फेरी काढायची तर नीट काढा. दगड ते दगड, दोरी धरून, सरळ रेषेत. एक पाऊल इकडे नाही, एक पाऊल तिकडे नाही. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सगळ्यात जोरात टाळ्या ग्वेंडा पिलबीमने वाजवल्या. तीच ती, दर सप्टेंबरच्या गावजत्रेत प्लमच्या जॅममध्ये माझ्यामागे दुसरी येणारी. तिने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या तेव्हाच मला वास यायला हवा होता, पण टाळ्या ऐकताना माणसाचं नाक चालत नाही.

फेरीचा दिवस उजाडला. पुढे टॉलिडे, गळ्यात दुर्बीण घालून, जशी काही शीव लंडनहून दिसणार होती. मागे व्हिकरबाई. (बिचारीकडे पाच गावांची चर्चं आहेत. प्रत्येक दगडापाशी प्रार्थना म्हणताना घड्याळ बघायची.) विम्याच्या भानगडीमुळे माणूस आपटायला मनाई होती, म्हणून टॉलिडेने घरून सोफ्यावरची उशी आणली आणि प्रत्येक दगडावर ती आपटली. आता त्या उशीला पक्कं ठाऊक झालं आहे शीव कुठे आहे ते. अक्रोडापाशी पोचलो, दोरी ताणली, आणि बघते तर काय, बाक आपलाच! तुमची दोन माणसं तिथे बसली होती. मी म्हटलं, उठा, हे वरचं स्नॉडिंग आहे. उठली गं ती मुकाट्याने. मी बाकावर बसले आणि खरं सांगते ताई, नवऱ्याने मागणी घातली त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

तो आनंद पुढच्या दगडापर्यंतच टिकला. अक्रोडानंतरचा दगड चर्चच्या आवाराच्या कोपऱ्यात आहे. टॉलिडेने दोरीचं एक टोक इथे धरलं, ग्वेंडा दुसरं टोक घेऊन तरातरा चर्चकडे गेली, दोरी ताठ झाली, आणि ती कुठून गेली असेल? माझ्या घेवड्याच्या वेलांवरून, कपडे वाळत घालायच्या खांबाला घासून, थेट आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी म्हटलं, बाजूने वळसा घालून जाऊ या. तर टॉलिडे टोपी काढून, अगदी गोड आवाजात म्हणतो, “बाई, तुम्हीच म्हणालात ना, एक पाऊल इकडे नाही, एक पाऊल तिकडे नाही?” आणि सगळं गाव, ताई, सगळं गाव चिखलाच्या बुटांनी माझ्या खिडकीतून आत आलं आणि पुढच्या दाराने बाहेर गेलं. होरेस टेबलाशी उकडलेलं अंडं खात बसला होता. त्याने अंडं जरा बाजूला घेतलं, बस. नवरा म्हणून तेवढाच प्रतिकार केला. व्हिकरबाईंनी माझ्या ओव्हनकडे तोंड करून शेतं पिकोत अशी प्रार्थना म्हटली. आत दगड नव्हता, म्हणून लोकांनी शेगडीच छड्यांनी बडवली, आणि टॉलिडेने तिच्यावर उशी आपटली. ग्वेंडा मात्र कुठे बघत होती? माझ्या जॅमच्या पितळी पातेल्याकडे.

दोरीप्रमाणे हिशेब असा निघाला. टेबल, कपाट आणि होरेस वरच्या स्नॉडिंगात. शेगडी, मोरी आणि मांजराची थाळी खालच्या स्नॉडिंगात. होरेसने तेव्हापासून एकच विनोद धरला आहे. चहा हवा असला की टेबलावरून ओरडतो, “म्युरिएल, परदेशातून एक कप मागव गं!” घरजावई होऊन इतकी वर्षं खाल्लं, आणि आता मला परदेशी ठरवतो. आणि आपली आजी! शिवेच्या फेरीला दरवर्षी सफरचंदाच्या सायडरचं पिंप घेऊन फाटकाशी उभी राहायची, सगळ्यांना पाजत पाजत बागेच्या बाजूने पलीकडे न्यायची. मी जन्मभर समजत होते की आजी उदार होती. आजी काय होती ते आता कळलं. मी मात्र फाटकाशी उभी राहून कुणाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गावजत्रेचा एक नियम आहे, जॅम गावाच्या हद्दीतच शिजलेला असावा. (तो नियम कुणी मांडला, तुझं लग्न झालं त्याच वर्षी का मांडला, आणि त्याआधीच्या जत्रेत बक्षिसाचा कप कुणी नेला होता, हे जुनं उकरून काढण्यात काही अर्थ नाही.) ग्वेंडाने समितीत सहज म्हणून विचारलं, हो, सहजच, ती मेली श्वासही सहज घेत नाही, की म्युरिएलबाईंची शेगडी तर आता खाली गेली, मग कसं? झालं. प्लमचं झाड पुढच्या अंगणात, म्हणजे वरचं. साखर कपाटात, म्हणजे वरची. बरण्या वरच्या, बाई वरची. पण शिजतं खाली, म्हणून जॅम खालचा! व्हिकरबाई म्हणाल्या, टेबलावर सहलीची छोटी शेगडी ठेवा. मी म्हटलं, मी घरात राहते, तंबूत नाही. टॉलिडे म्हणाला, शेगडी टेबलाच्या बाजूच्या भिंतीला हलवा. आजीची शेगडी! जिथे आजीने ठेवली, आईने राखली, ती एका उशीवाल्याच्या सांगण्यावरून हलवू? नाही म्हणजे नाही. मग समितीचा माणूस येऊन शेगडीवरच्या फळीवरचा चांदीचा कप घेऊन गेला. मी रडले. हो, रडले, आणि होरेसने त्या दिवशी विनोद केला नाही. फळीवर आता एक गोल डाग आहे आणि मी दिवसातून चारदा तो पुसते. कशासाठी, विचारू नकोस. यंदा कप ग्वेंडा नेणार, आणि तिचा जॅम चमच्यावरून उतरत नाही, त्याने भिंतीला कागद चिकटवावेत.

असो. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. वरच्या स्नॉडिंगातली जत्रा म्हणजे तरी काय, चार भोपळे, एक बँड आणि टॉलिडेचं भाषण. भाऊजींना नमस्कार. मनगटाला जप.

तुझी,
म्युरिएल

ता. क. तुमच्या खालच्या जत्रेची तारीख कोणती? प्लमच्या जॅमचा विभाग आहे ना? नाव कुणाकडे द्यायचं? आपलं इतिहासाची आवड म्हणून विचारते. आणि तुमच्याकडे हद्दीचा काही नियम आहे का? असलाच तर असा कोत्या मनाचा नियम केला कुणी, तेही कळव.

ता. क. २. तिथला कप वर्षानुवर्षं तुझ्याकडेच असतो असं ऐकते. अभिमान वाटतो. पण ताई, ते मनगट! एक वर्ष विश्रांती घेतलीस तर कुणी नावं ठेवणार नाही. बरण्या मी घेऊन येईन, तू नुसती खुर्चीत बसून बघ.

ता. क. ३. होरेस म्हणतो, हे तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन, म्हणून लिहिते. तो दोरी घेऊन माडीवरही जाऊन आला. आपण दोघी जन्मलो ती खाट शेगडीच्या बरोबर वर येते, खालच्या स्नॉडिंगात. म्हणजे इतकी वर्षं मी गावभर सांगत फिरले की आमची ताई परक्यांत गेली, आणि निघालं असं की तू आपल्या गावाला गेलीस, परक्यांत मीच राहिले. फळीवर त्या डागाच्या जागी तुझ्या लग्नातला फोटो ठेवला आहे. (भाऊजी मागे दुमडले आहेत. फळी अरुंद आहे.) आणि रविवारी कपात आधी दूध ओतून पाहिलं. बरा लागतो चहा. हे मात्र भाऊजींना सांगायचं नाही.