चाळीस चादरींवरचं स्तोत्र

प्रिय आई,

प्रभूच्या कृपेने मी ठणठणीत आहे. बाबांचा खोकला थांबला का? खरं काय ते कळव.

इथे इस्पितळाच्या धुलाईखान्यात कपडे मशीनमध्ये जाण्याआधी सगळ्यांचे खिसे मी तपासते. परवा माझ्याच ॲप्रनचा खिसा राहिला. निघताना तू लिहून दिलेली स्तोत्राची चिठ्ठी त्यात होती. तिचा लगदा चाळीस पांढऱ्या चादरींना चिकटला. मुकादमबाई काय बोलल्या ते लिहीत नाही.

मी आणि इस्त्रीवाल्या मावशी कपटे वेचत बसलो. नवरा गेल्यापासून मावशी कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "एवढं काय लिहिलं होतं गं?" मी डोंगरांकडे बघण्याचं ते अख्खं स्तोत्र न अडखळता म्हटलं. ते मला पाठ आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "परत म्हण." आता घड्या घालताना रोज म्हणायला लावतात. साबणाच्या वाफेतही प्रभू असतो, आई. तू सांगायचीस तेव्हा मी नुसती मान डोलवायचे.

हातांची सालं निघायची थांबलीत.

स्तोत्र पुन्हा लिहून पाठवू नकोस. मला फक्त तुझं अक्षर हवंय; किराण्याची यादी पाठवलीस तरी चालेल.

तुझी धांदरट लेक